बटई ठरवतो तशी खाणीची भागीदारी ठरवा



आपल्या गडचिरोली जिल्ह्यात खाणीची गोष्ट निघाली की आजकाल 'भागीदारी' हा शब्द हमखास येते. 1 जानेवारी 2025 ला कोनसरीत मुख्यमंत्र्यांच्या हातानं पोलाद कंपनीच्या कामगारांना शेअर वाटले, त्यात आदिवासी पोरंही होती. चांगलं झालं, नाव ठेवत नाही. पण शेअर कामगाराला मिळाला, गावाला नाही. ज्याची बांधी टेकडीच्या पायथ्याशी आहे अन् जो कंपनीत कामाला नाही, तो ह्या भागीदारीत कुठं बसते?

भागीदारी शेतकऱ्याला नवीन नाही. बटईनं शेत देताना बियाणं कोणाचं, खत कोणाचं, धान कुठं मोजायचं, तणीस कोणाला, सगळं नांगर लागायच्या आधी ठरते. पटलं नाही तर मालक सरळ नाही म्हणते. हंगाम संपला की शेत परत मालकाचं. खाणीत तसं नाही. ते पीक एकदाच निघते, डोंगर परत येत नाही. म्हणून बटईपेक्षाही बोली चोख पायजे.

पहिली बोली नाही म्हणायच्या हक्काची. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटचा निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असं सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2013 मध्ये सांगितलं. 12 ग्रामसभा बसल्या अन् डोंगरिया कोंध लोकांनी बाराही ठिकाणी नकार दिला. खाण झाली नाही. 1996 चा पेसा अन् 2006 चा वनहक्क कायदा आपल्याकडेही लागू आहे. ग्रामसभा घेऊन सह्या गोळा करणं वेगळं अन् ग्रामसभेला विचारणं वेगळं.

दुसरी बोली वाट्याची. कॅनडाच्या उत्तरेला बर्फाच्या मुलखात रॅगलान नावाची निकेलची खाण आहे. तिथल्या इनुइट लोकांनी 1995 मध्ये, खाण सुरू व्हायच्या आधी, कंपनीशी करार केला. खर्च वसूल झाल्यावर खाणीच्या नफ्यातले 4.5 टक्के त्यांचे. देखरेखीच्या समितीत तीन माणसं त्यांची, तीन कंपनीची. ही झाली लेखी बटई.

आपल्याकडं 2011 च्या खाण विधेयकात कोळशाच्या नफ्यातले 26 टक्के बाधित लोकांना द्यायचं लिहिलं होतं. ते विधेयक 2014 मध्ये लोकसभेसोबत बारगळलं. 2015 मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्यात जुन्या खाणींनी रॉयल्टीच्या 30 टक्क्यांपर्यंत अन् लिलावातल्या नव्या खाणींनी 10 टक्के रक्कम भरायची. म्हणजे वाटा नफ्यात नाही, रॉयल्टीवर. अन् जमा होते जिल्ह्याला, ग्रामसभेच्या खात्यात नाही. अनुसूचित क्षेत्रात त्या पैशाच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते, एवढा धागा हातात आहे. तो तरी घट्ट धरा.

तिसरी बोली पुराव्याची, अन् ही आपल्या कृषी सहायक अन् कृषी विज्ञान केंद्रवाल्यांसाठी. लोहखनिजाचा बारीक गाळ नाल्यानं बांधीत उतरला तर पाणी साचलेल्या चिखलात लोह विरघळते. धानाच्या खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात, मुळांवर लाल लेप बसते, फुटवे कमी होतात. पण ह्या पट्ट्यातल्या लाल मातीत लोह मुळातच असते. मग नुकसान मागायला गेलो की समोरचा म्हणणार, तुमची माती पहिल्यापासून अशीच. तेव्हा काय दाखवणार?

म्हणून पहिला ट्रक निघायच्या आधी नाल्याकाठच्या शेतांची माती अन् नाल्या-विहिरीचं पाणी तपासून घ्या. गट नंबर, तारीख, जागेचा फोटो अन् अहवाल ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा. पुढं दरवर्षी पावसाळ्याआधी अन् धान कापल्यावर त्याच जागेचा नमुना घ्या. तपासणीचा खर्च कंपनीनं द्यावा, पण नमुना घ्यायला ग्रामसभेचा माणूस हजर पायजे. हे करारातच लिहून घ्या.

खाणीच्या बाजूचे म्हणतील, एवढं मागितलं तर कंपनी येणार नाही अन् पोरांना काम मिळणार नाही. काम पायजेच, मी नाकारत नाही. पण एवढ्या बोलीवर जो शेत घ्यायला तयार नाही, त्याला आपण बटईनंही देत नाही.

ज्यांच्या गावाजवळ खाणीचा प्रस्ताव आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत माती-पाणी तपासणीचा ठराव घ्यावा. ठरावाचा मसुदा कोणी केला असेल तर खाली टाका, बाकीच्यांना कामी येईल.