सिनेमातलं कोर्ट आणि भोईवाड्याचं कोर्ट : अटक झाली तर खरे हक्क कोणते?

नायगाव (मुंबई) : पोलीस दारात आले की सिनेमातला हिरो विचारतो, "वॉरंट आहे का?" आणि पोलीस माघारी फिरतात. गावाकडचा पोरगाही मोबाईलवर हेच बघून मोठा झालाय. प्रत्यक्षात चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. तिथे वॉरंटवरून हुज्जत घालून सुटका तर होत नाहीच, उलट सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा मागे लागू शकतो.

नायगावात पोलिसांच्या वसाहती आहेत, बीडीडी चाळी आहेत आणि जवळच भोईवाड्याचं कोर्ट. आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत. शपथ असते ती 1969 च्या कायद्याप्रमाणे, देवाला स्मरून किंवा नुसती प्रतिज्ञा करून. जोरदार भाषणं क्वचित. बहुतेक वेळा नाव पुकारलं जातं, कागद पुढे सरकतो आणि पुढची तारीख पडते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या मराठी सिनेमात हे नेमकं दिसतं. त्यातला म्हातारा शाहीर शिक्षा होण्याआधीच तारखांमध्ये आणि तुरुंगात झिजत राहतो.

मग हक्क नाहीतच का? आहेत, पण सिनेमात दाखवतात ते नव्हेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते लिहिलेले आहेत. अटकेची खबर नातेवाईक किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरताच भाग चालतो.

यात महत्त्वाची भर पडली ती मुंबईतूनच. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितलं की कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावीत. लगेच देणं शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान 2 तास आधी द्यावीत. तसं झालं नाही तर अटक बेकायदा ठरते. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही अशा माणसासाठी हा मोठा आधार आहे.

खरी मेख वेगळीच आहे. सिनेमात हक्क आपोआप मिळतो, कोर्टात तो मागावा लागतो. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपी जामिनाला पात्र होतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र आलं की ती संधी गेली. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार उभा करता आला नाही, तर कायदा त्या माणसाला गरीब समजतो आणि वैयक्तिक बंधपत्रावर सोडायला सांगतो. हे ठाऊक नसलं तर माणूस उगाच आत बसून राहतो आणि घरचे जामीनदार शोधत फिरतात.

वकिलाला पैसे नाहीत ही अडचणही कायद्याने सोडवली आहे. कोठडीतली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा 15100 या क्रमांकावर फोन लावायचा. पोरगा उचलला गेला तर पुढाऱ्याच्या दारात रात्र घालवण्याआधी घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात : अटकेची वेळ लिहून ठेवावी, कारणांचा कागद मागावा आणि हा नंबर फिरवावा.