कॅमेऱ्याचा खोटा गजर : दोष यंत्राचा की बसविणाऱ्याचा?

रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत आखाताच्या कमाईवर उभी राहिलेली घरे पुष्कळ आहेत. घरात वृद्ध आई किंवा एकटी सून, आणि कमावता माणूस कुवेत, कतार, दुबईला. अशा घरांच्या पडवीवर आता कॅमेरे बसू लागले आहेत. अंगणात काही हलले की परदेशातील मुलाच्या फोनवर गजर वाजतो. सोय उत्तम आहे. परंतु या सोयीची दुसरी बाजू आमच्या घरातच अनुभवास आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या आपाच्या घरी भाच्याने कुवेतहून पैसे पाठवून चार कॅमेरे बसविले. पावसाळा सुरू झाला आणि एकेका रात्री चाळीस-पन्नास गजर येऊ लागले. कधी झावळी हलली, कधी मांजर गेले, कधी नुसताच पाऊस. आपल्याकडे पहाटे साडेपाचला दूधवाला फाटक उघडतो, तेव्हा कुवेतमध्ये रात्रीचे तीन वाजलेले असतात. दिवसभर राबलेल्या माणसाने किती वेळा उठावे? त्याने गजराचा आवाज बंद करून टाकला. पुढे श्रावणात एका रात्री पावणेतीनला दोन माणसे गडग्यावरून आत आली आणि विहिरीवरचा पंप सोडवून घेऊन गेली. कॅमेऱ्याने त्यांना टिपले होते, गजरही दिला होता. ऐकणारे कोणी नव्हते. "मामू, मला वाटले पाऊसच असेल," एवढेच भाचा फोनवर म्हणाला. पंपाचे पैसे भरून निघाले; परंतु आपा त्यानंतर कित्येक रात्री झोपली नाही.

उर्दू शाळेत आम्ही 'शेर आया, शेर आया'चा धडा वाचला होता. मराठीत तोच लांडगा होऊन येतो. धड्यातला पोरगा मुद्दाम खोटे ओरडत असे. कॅमेरा खोटे बोलत नाही. साध्या कॅमेऱ्याला चोर म्हणजे काय हेच ठाऊक नसते. तो आताचे चित्र मागच्या क्षणाच्या चित्राशी ताडून पाहतो. ठराविक प्रमाणापेक्षा जास्त फरक दिसला की गजर देतो. मग तो फरक माणसाने केला की मोटारीच्या दिव्याने, हे त्याच्या लेखी सारखेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात तो गप्प कसा राहील?

रात्रीची कथा आणखी वेगळी. अंधारात पाहण्यासाठी कॅमेरा स्वतःच्या तोंडापाशी इन्फ्रारेड दिवे लावतो. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश जवळजवळ दिसत नाही. परंतु काचेजवळून उडणारा चिलटाएवढा किडा त्या प्रकाशात पांढऱ्या गोळ्यासारखा चमकतो. पागोळ्यांच्या धारा चमकतात. किड्यांमागोमाग कोळी येतो, काचेपुढे जाळे विणतो, आणि वाऱ्याने ते जाळे हलले की कुवेतला भाचा जागा!

बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुधा उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. त्याला झावळ्यांचा त्रास कमी. पण कुत्र्या-मांजरांचे अंगही गरमच असते. त्याची एक खोड अशी की समोरून आडवे जाणारे माणूस तो चटकन पकडतो, सरळ अंगावर चालत येणारे उशिरा. म्हणून असा कॅमेरा फाटकाच्या थेट समोर न लावता बाजूने लावावा.

आपाच्या घरी आम्ही नंतर स्वतः उभे राहून काम करून घेतले. कॅमेऱ्यांची तोंडे खाली वळविली, म्हणजे आभाळ आणि रस्ता चित्रातून गेला. गजराची हद्द फाटकापासून पायरीपर्यंत आखून घेतली. शेजाऱ्याचे अंगण त्यातून वगळले, जे आधीच करायला हवे होते. पडवीवर कॅमेऱ्यापासून चार हात दूर वेगळा दिवा लावला आणि त्या कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद केले. समोरची झावळी तोडली. दर आठवड्याला झाडूने कोळिष्टके काढण्याचे काम नातवाकडे दिले. फोनमध्ये 'फक्त माणूस' असा पर्याय होता, तो कोणी चालूच केलेला नव्हता! हा पर्यायही कधी फसतो. दोरीवर वाळत घातलेला कुर्ता वाऱ्याने फुगला की त्याला तो माणूस वाटतो. आमच्याच धंद्याचा माल आमच्यावर उलटला म्हणायचा.

संवेदनक्षमता मात्र एकदम खाली आणू नये. थोडी कमी करावी, रात्री घरातल्या कोणाला तरी फाटकापासून दारापर्यंत चालायला सांगावे, गजर येतो की नाही पाहावे, मग आणखी कमी करावी. माणूसच सुटू लागला तर मागे यावे. गजर कमी केला म्हणजे चित्रण बंद झाले, अशी भीती काही जण बाळगतात. चित्रण अखंड साठविणारे यंत्र असेल, तर त्याचा आणि गजराचा संबंध नाही.

यात व्यापाराचा प्रश्न आहे, तो आम्हास महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा विकणारा खोके विकतो, बसविणारा शिडी लावून चार खिळे ठोकतो, फोनवर चित्र दाखवून पैसे घेतो आणि जातो. आम्ही सूटचे कापड विकतो. परंतु शिंप्याकडे ट्रायल झाल्याशिवाय सूट पुरा झाला असे कोणी मानीत नाही. कॅमेऱ्याची ट्रायल कोण घेणार? उन्हाळ्यात नीट लावलेला कॅमेरा मृगाच्या पहिल्या सरीत बिघडल्यासारखा वागतो, हे विक्रेत्यास ठाऊक असते. गिऱ्हाईकास नसते.

अमेरिकेत घरफोडीच्या गजरांनी पोलीस इतके हैराण झाले की सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली नियमच केला : गजर खरा असल्याची कोणी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय पोलीस धावणार नाहीत. खात्री करण्याचा भार तेथे गजर विकणाऱ्या कंपन्यांवर आला. आपल्याकडे तो भार परदेशात झोपलेल्या मुलावर आहे.

आमची सूचना साधी आहे. बिलावर कॅमेऱ्याची किंमत वेगळी आणि जुळवणीची मजुरी वेगळी लिहावी, आणि त्या मजुरीत दोन फेऱ्या धराव्यात : एक बसविल्यानंतरच्या पहिल्या रात्री, दुसरी पावसाने जोर धरल्यावर. गिऱ्हाईकानेही या मजुरीत घासाघीस करू नये. आपाच्या घरचे गजर आता रात्रीला दोन-तीनवर आले आहेत. भाच्याने फोनचा आवाज पुन्हा चालू केला आहे, आणि पहाटेच्या दूधवाल्याला त्याच्या वेळेपुरती गजरातून सूट दिली आहे.