तट भक्कम, पण कडी कुणाच्या हाती?

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "ताई, माझा मुलगा नागपूरला शिकतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर आणि माझ्या मोबाइलवरही अँटिव्हायरस घालून दिला. वर्षाचे पैसे भरले आणि 'आई, आता तू निश्चिंत राहा' म्हणाला. पण आमच्या बचत गटाचा हिशेब माझ्या फोनवर असतो, धानाचे चुकारेही त्याच खात्यात येतात. परवा गटातल्या एकीचे खात्यातले पैसे गेले. तिने चार दिवस घरात सांगितलेच नाही. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. अँटिव्हायरस असताना मला भिण्याचे कारण आहे का?"

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो पडणाऱ्या त्या एकट्या नाहीत. उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे, की अँटिव्हायरस यंत्राची राखण करतो, खात्याची नाही. खात्याच्या दाराची कडी आतल्या बाजूला असते आणि ती आपल्याच हाती असते.

आंबागडच्या माणसांना ह्यासाठी दूरचा दाखला नको. तिथला किल्ला सन १७०० च्या सुमारास देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाह ह्याच्या सरदाराने, राजा खान पठाणाने, बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावून मारीत, असे सांगतात. तट आणि बुरूज असतात ते बाहेरून चाल करून येणाऱ्यासाठी. आतल्या माणसाच्या ओंजळीत कसले पाणी पडते आहे, ते तट बघत नाही. अँटिव्हायरसचेही पुष्कळसे तसेच आहे.

आधी हा तट काय करतो ते पाहू. कित्येक घरांत अशी समजूत असते की धान्याला जशी कीड लागते, तसा जुन्या फोनला आपोआप व्हायरस लागतो. तसे नाही. व्हायरस म्हणजे कुणीतरी माणसाने मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला, आणि पुढे असे प्रोग्रॅम वाढतच गेले. तसे त्यांना हुडकणारेही तयार झाले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर ह्यांनी त्याच सुमारास, १९९० नंतरच्या दशकात, 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा केला. आपल्या मराठी घरांत अँटिव्हायरस हा शब्द रुळला, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

अँटिव्हायरसचे काम थोडेसे पोलीसपाटलासारखे असते. माहीत असलेल्या चोरांच्या खुणांची एक यादी त्याच्याजवळ असते. आलेली प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. नवखा कुणी रात्रीबेरात्री कुलपे चाचपू लागला, तर वागण्यावरूनही त्याला संशय येतो. पण यादी जुनी झाली तर पाटील काय करणार? म्हणून 'अपडेट' आले की ते पुढे ढकलू नये. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला खंडणी मागितली. त्याला अडविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिले होते. ज्यांनी ते वेळेवर घेतले, ते ह्या फेऱ्यातून वाचले.

ह्या यंत्राच्या बाजूने एवढे केले की पुरे :

विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तो चालू असला आणि अपडेट होत असला, तर साध्या घरकामाला चालतो. दुसरा विकत घेतला असेल तर तोच एक ठेवावा. दोन अँटिव्हायरस एकदम चालविले म्हणजे दुप्पट राखण होत नाही. दोघे एकमेकांच्या पायात येतात आणि कॉम्प्युटर रेंगाळतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जमल्यास ११ वर जावे.

अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'प्ले स्टोअर' उघडून 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे ना, ते पाहावे.

फुकटात मिळते म्हणून चोरीची, कुलूप तोडलेली प्रत कुणाकडून घालून घेऊ नये. आणि काहीतरी वाचत असताना पडद्यावर एकाएकी लाल अक्षरे आली, "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत, ताबडतोब इथे दाबा", तर दाबू नये. तो अँटिव्हायरस नव्हे, अँटिव्हायरसचे सोंग आहे. कुंपणच शेत खाते ते असे.

आता खात्याकडे वळू. पत्रातल्या भगिनींचा खरा घोर तिथेच आहे.

समजा, तुम्हाला फोन आला : "बँकेतून बोलतोय, तुमचे कार्ड आज बंद होणार, आलेला ओटीपी सांगा." तुम्ही सांगितला. ह्यात व्हायरस कुठे आला? यंत्र धडधाकट आहे, अँटिव्हायरस जागा आहे, आणि किल्ली मात्र आपण आपल्या तोंडाने देऊन मोकळ्या झालो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणतात तशातली गत.

दुसरा प्रकार खोट्या दाराचा. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा हुबेहूब सरकारी दिसणारी खोटी संकेतस्थळे निघाली. घाईघाईने तिथे आधारचा आणि खात्याचा नंबर भरला की माहिती परक्याच्या वहीत गेली. अशा वेळी पानाचा रंग आणि बोधचिन्ह पाहून भुलू नये, वरचा पत्ता पाहावा. महाराष्ट्र सरकारच्या अशा कामाचा पत्ता 'डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठविलेल्या लिंकवरून जाऊच नये. पत्ता स्वतः टाइप करावा, नाहीतर अंगणवाडी सेविकेला विचारावे.

तिसरा प्रकार सर्वांत कपटी, आणि तो नेमका आपल्या भिडेखातरच्या स्वभावावर बेतलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते. नंबर ओळखीचा असतो, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलीच्या नावाशेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नसून अ‍ॅप असते. ते उघडताना फोन आपल्याला बजावतो की हे अनोळखी ठिकाणचे आहे, तरी घालायचे का? आपण 'हो' म्हणतो. मग ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते. आपण तीही देतो. ह्यापुढे ओटीपी कुणाला सांगायचीही गरज उरत नाही, ते अ‍ॅपच तो परस्पर वाचून घेते. अँटिव्हायरसने कधी हटकले, तरी "पत्रिका उघडत नाही" म्हणून आपणच त्याला गप्प करतो. म्हणून पक्के लक्षात ठेवा, पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणून कुणाचेच लग्न येत नाही. दंडाची पावती किंवा अनुदानाची यादीही तशी येत नाही.

ह्यावर हमखास ऐकू येते, "आमच्या खात्यात असे आहे तरी किती? चोर मोठ्यांच्या मागे लागतील." ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील विद्यापीठाच्या रिक वॉश ह्या संशोधकाने २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्या ३३ साध्या माणसांना बोलते केले होते. त्यांतल्याही काहींना असेच वाटत होते, की हॅकर फक्त बड्या माशांच्या पाठी असतात आणि म्हणून आपण काही केले नाही तरी चालेल. म्हणजे माणूस काळजी घेत नाही, ते अडाणीपणामुळेच असे नव्हे. त्याच्या मनात चोराचे जे चित्र असते, त्याप्रमाणे तो वागतो.

ते चित्र बदलायला हवे. हा चोर एकेक घर हेरीत नाही. तो तलावात जाळे टाकतो, सापडेल तो मासा त्याचा. आणि रक्कम लहान असली तरी ती कुणाची आहे? बारा जणींनी आठवड्याला पोटाला चिमटा घेऊन टाकलेले पैसे असतात ते. शिवाय खाते रिकामे असले तरी चोराच्या कामाचे असते. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तो तुमच्या भावाकडे "तातडीने पाच हजार पाठव" म्हणून मागू शकतो, कारण भावाचा विश्वास तुमच्या नावावर आहे.

तेव्हा कड्या घालायच्या त्या अशा :

पहिली कडी ई-मेलची. बाकीच्या बहुतेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतो, म्हणून तो किल्ल्यांचा जुडगा समजावा. त्याचा पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा. मुलांची नावे, जन्मसाल, मोबाइल नंबर नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले चार घरगुती शब्द जोडून घ्यावे, लक्षातही राहतात. विसरायची भीती असेल तर वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवावी. फोनमध्येच फोटो काढून ठेवण्यापेक्षा ते बरे. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र कुठेच लिहू नये.

दुसरी कडी दोन टप्प्यांची. गूगलच्या खात्याला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आणि व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावून घ्यावा. मग एक किल्ली हरवली तरी दार उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून एक पान आहे. तिथे न ओळखीचे यंत्र दिसले तर काढून टाकावे.

तिसरी कडी पैशाची. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा खोटा. आणि बचत गटाचा पैसा गटाच्याच खात्यात ठेवावा. ज्या खात्याला यूपीआय जोडले आहे, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच ठेवले तर एखादे दिवशी चूक झाली तरी कोठार लुटले जात नाही.

इतके करूनही पैसे गेलेच तर? तर घड्याळ पाहावे आणि लगेच १९३० ह्या नंबरला फोन लावावा. हा साऱ्या देशाचा सायबर तक्रारीचा नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. मधल्या बँकेत ते गोठविता आले तर परत मिळण्याची आशा राहते. त्याच दमात आपल्या बँकेला कळवून खाते थांबवावे आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. फोनमध्ये नको ते अ‍ॅप गेले असेल तर त्या फोनचे इंटरनेट बंद करून हे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावे.

कळविण्याच्या वेळेला किती मोल आहे पाहा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात असे तत्त्व घातले, की ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा पिन दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, असे असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार पडत नाही. म्हणजे आपण बोलतो त्या क्षणाला रेघ ओढली जाते.

आणि बाई बोलत नाहीत, त्याचे कारण मोबाइलमध्ये नसते, घरात असते. "तुला कुणी सांगितले होते नको ते उघडायला?", "फोन वापरायची अक्कल नाही तर घेतलास कशाला?" असली वाक्ये ऐकावी लागतील ह्या धास्तीने ती चार दिवस गिळून बसते, आणि त्या चार दिवसांत पैसे कुठल्या कुठे जातात. शिकलेसवरलेले, नोकरदार पुरुषही ह्या भामट्यांना फसतात. तेव्हा घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही हे वाचावे. रागवायचेच असेल तर १९३० ला फोन झाल्यावर रागवा, आधी नाही. त्यातून पैसे सुटले तर रागही उरणार नाही.

पत्रलेखिका भगिनींना एवढेच सांगणे, की मुलाने अँटिव्हायरस घालून दिला ते चांगलेच केले, तो राहू द्या. पुढच्या वेळी तो घरी आला की त्याच्याकडून दोन टप्प्यांची कडी लावून घ्या, पण स्वतः शेजारी बसून, आपल्या हाताने. आणि गटाच्या येत्या बैठकीत वर्गणी गोळा करण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. प्रत्येकीच्या फोनमध्ये १९३० हा नंबर घालून द्या, आणि ठरवून टाका, की कुणाचे पैसे गेले तर ती पहिल्या तासात गटाला सांगेल आणि कुणीही तिला बोल लावणार नाही.