पुरोगामी कोण, मवाळ कोण?



निवडणूक आली की पाड्यावर पुढारी येतात. एक म्हणतो, आम्ही पुरोगामी. दुसरा म्हणतो, घाई नको, सगळ्यांना सांभाळून घेऊ. दोघेही काँग्रेसचेच. मग आपण कुणाच्या मागं जायचं?

जरा मागचं आठवा. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. बँका सरकारी करणाऱ्या इंदिराबाई एकीकडे, मोरारजीभाई आणि जुने पुढारी दुसरीकडे. चंद्रशेखर, मोहन धारिया हे तरुण तुर्क इंदिराबाईंच्या बाजूला होते. पुढे १९७५ मध्ये धारियांचं मंत्रिपद गेलं आणि आणीबाणी लागताच चंद्रशेखर तुरुंगात गेले. 'गरिबी हटाव' म्हणणाऱ्या पक्षालाच आपले पुरोगामी जड झाले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्यासाठी तो आहे. कलेक्टरने स्वतःहून चौकशी करायची; अर्जाला मात्र मुदत होती. कायदा चांगला आहे. पण कायद्याला हात वर करणारा आमदार आणि जमीन गिळणारा सावकार एकाच सभेत मांडीला मांडी लावून बसतात. तिथं मवाळ खूश आणि पुरोगामी गप्प.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. भाषण ऐका, पण पुढाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या तालुक्यात किती जणांना ताबा मिळाला? सातबाऱ्यावर नाव चढवून देईल तो पुरोगामी. आणि त्याच्याही भरवशावर बसू नका. कलेक्टरकडे चौकशीची लेखी मागणी करा, पोच घ्या, संघटनेबरोबर कचेरीवर चला.