नांवांचें सोवळें

दोन महिन्यांपूर्वीं एका ग्रंथसंग्रहाकडून आम्हांस एक सूचनापत्र आलें. आमच्या मातोश्रींनीं वऱ्हाडांतील बायकांच्या तोंडून उतरून घेतलेल्या ओव्यांच्या वहीचीं छायाचित्रें आम्हीं त्या संग्रहास देऊं केलीं होतीं. प्रत्येक फाइलीस त्या त्या ओवीचे पहिले शब्द हेंच नांव दिलें होतें. कारण हस्ताक्षर यंत्रास धड वाचतां येत नाहीं, आणि ओवी शोधण्याचा धागा काय तो नांवाचाच. सूचनापत्राची आज्ञा अशी कीं, नांवें केवळ रोमन अक्षरांत व अंकांत असावींत; 'विशेष चिन्हें' चालणार नाहींत. ज्या लिपींत आमचा सारा ग्रंथव्यवहार चालतो, ती या मंडळींच्या लेखीं विशेष चिन्ह ठरली!

या नियमाचे कैवारी म्हणतात कीं, यांत भाषाद्वेष नाहीं, केवळ व्यवहार आहे. एका यंत्रावरचें नांव दुसऱ्यावर बिघडतें. बिघडतें हें खरें. पण कां बिघडतें हें पाहण्याचे कष्ट यांपैकीं किती जणांनीं घेतले आहेत?

'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. त्यांतील अर्धा र युनिकोडांत तीन प्रकारांनीं उमटतो : ऱ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, साध्या र खालीं नुक्ता देऊन मग हलन्त लावून, अथवा र च्या हलन्तापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांस तिन्ही एकच. लिनक्स मात्र नांवाकडे बाइटांची माळ म्हणून पाहतो. तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढेंच त्यास वर्ज्य. त्यामुळें एकाच कप्प्यांत तीन 'वऱ्हाड' सुखानें नांदतात, आणि शोधणारास नेमका हवा तो सांपडत नाहीं. मॅकची १९९८ सालची एचएफएस प्लस ही व्यवस्था पहिलें रूप परस्पर फोडून दुसरें करीत असे. २०१७ सालीं तेथें आलेली एपीएफएस नांव दिलें तसें ठेवते व त्या दोहोंस एकच मानते. दोहोंचें ऐक्य साधण्याचे नियम युनिकोडनेंच घालून दिले आहेत. तिसरें रूप त्या नियमांत बसत नाहीं, पण त्याचा ऱ करणें हें एका ओळीचें काम. नांव दाखल होतांनाच तें करावें कीं मराठीस दाराबाहेर उभें करावें?

विंडोजचें सोवळें निराळें. प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम हीं तेथें निषिद्ध. कारण एमएस-डॉसच्या म्हणजे १९८१ च्या काळापासून ह्या खुणा यंत्रानें आपल्या कामास राखून ठेविल्या आहेत. येथें आमच्याही पदरीं दोष आहे. विसर्गाच्या जागीं अपूर्णविराम टंकण्याची आळशी संवय आम्हीं लावून घेतली. अशा रीतीनें 'दु:ख' हें नांव विंडोजच्या एनटीएफएसवर आज्ञा टंकून दिलें, तर 'दु' नांवाची रिकामी फाइल दिसते व मजकूर 'ख' नांवाच्या अदृश्य प्रवाहांत जाऊन बसतो. दुःख लपविण्याची इतकी सोय संतांनाही साधली नसेल.

लांबीचा आक्षेपही ऐकूं येतो. लिनक्सच्या नेहमींच्या ईएक्सटी-४ या व्यवस्थेंत नांवास २५५ बाइट मिळतात; साध्या रोमन अक्षरास एक, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, काना-मात्रा धरून, तीन लागतात. म्हणजे आमच्या वांट्यास ८५ चिन्हें. ओवीच्या पहिल्या शब्दांस तेवढीं पुरून उरतात.

आतां त्यांच्या रोमनचें पाहूं. मळा, माळा, माला आणि मला हे चारही शब्द नेहमींच्या रोमन लेखनांत त्याच चार अक्षरांत उतरतात. शिवाय थोरलें व धाकटें अक्षर लिनक्सवर भिन्न, विंडोजवर बहुधा एकच. तेव्हां रोमन नांवही यंत्रायंत्रांत घोटाळा करतेंच. त्यासाठीं रोमन लिपि सोडा, असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

राहिला अंकांचा मार्ग. मातोश्री आतां चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. कोणती ओवी कोणत्या अंकाखालीं गेली हें त्यांच्यामागें कोण सांगणार?

आम्हीं साऱ्या फाइलींतील विसर्ग सुधारले, प्रत्येक ऱ एकाच रूपांत आणला, आणि तींच मराठी नांवें ठेवून छायाचित्रें पुन्हां धाडलीं. उत्तर अजून आलें नाहीं.