उन्हाळ्यात केक सुखरूप पोहोचावा म्हणून

मे महिन्यात रायपूरचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अशा दिवसांत तात्यापाऱ्यातल्या गृहिणीने घरी सजवलेला केक भाच्याच्या वाढदिवसाला भिलाईला न्यायचा ठरवला, की घरातल्यांना धास्ती वाटते. अंतर फार नाही. पण आझाद चौक, आमापारा, टाटीबंध येथे गाडी अडकली, तर दिवसभराच्या मेहनतीवर पाणी पडू शकते.

बिघडते ते आयसिंग

लोणी ३२ ते ३५ अंशांवर वितळते. त्याआधीच ते इतके मऊ होते, की गुलाबाच्या पाकळ्या खाली झुकू लागतात. दुधाचे फेटलेले क्रीम तर त्याहून नाजूक. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर यांचे वाळलेले रॉयल आयसिंग मात्र उष्णता चांगली सोसते. म्हणून दूर न्यायच्या केकवर ताज्या क्रीमचा मोह टाळावा.

निघण्यापूर्वी

केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून आतपर्यंत थंड होऊ द्या. जाड पुठ्ठ्यावर थोडे आयसिंग लावून त्यावर केक बसवला, तर तो सरकत नाही. खोका पुठ्ठ्याच्या मापाचाच घ्या. हा खोका थर्माकोलच्या पेटीत ठेवून बाजूंना बर्फ गोठवलेल्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावा. दोन मजली केक असेल तर मजले वेगळे न्या आणि तिथे गेल्यावर एकमेकांवर ठेवा.

गाडीत कुठे ठेवावा?

उन्हात उभी असलेली बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे एसी चालवा, मगच केक आत आणा. सीट उतरती असते. मांडीवर धरला तर अंगाची ऊब लागते. डिकीत बहुधा एसीची हवा पोहोचत नाही. पुढच्या सीटसमोरची पाय ठेवायची जागा सर्वांत चांगली: सपाट आणि सावलीची. पेटीखाली रबरी मॅट अंथरा. एसी नसेल तर पहाटेच निघा.

घाम फुटला तर

फ्रिजमधला केक दमट हवेत उघडला, की त्यावर पाण्याचे थेंब जमतात आणि रंग ओघळतात. कोरड्या मे महिन्यात हा त्रास कमी, पावसाळ्यात जास्त. पोहोचल्यावर लगेच खोका उघडू नका, केक थोडा वेळ बंदच राहू द्या. थोडे आयसिंग, कोन आणि सुरी सोबत असावी. एखादी पाकळी तुटली तर तिथेच दुरुस्त करता येते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे साधा केक आणि गार आयसिंग वेगवेगळे न्यायचे व सजावट तिथेच करायची. मुलांनाही ती बघायला मजा येते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. वितळलेली पाकळी पुन्हा काढता येते, पण दुधाचे क्रीम ३२ अंशांहून अधिक उष्णतेत तासाभरापेक्षा जास्त राहिले, तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. चव आणि वास ठीक असला तरी असा केक पाहुण्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि वृद्धांना देऊ नये. मन घट्ट करून तो टाकून द्यावा आणि शिरा करून वाढदिवस साजरा करावा. पोराला मेणबत्ती फुंकायची असते, ती शिऱ्याच्या मुदीवरही लावता येते.