१८ मेपर्यंत कॅमेऱ्यांची तोंडं फिरवा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतली संग्रहालयं, स्मारकं, देवस्थानांची प्रदर्शन-दालनं चालवणाऱ्या विश्वस्तांना, व्यवस्थापकांना आणि अधिकाऱ्यांना हा जाहीर इशारा आहे. तोंडी सांगून झालं, अर्ज देऊन झाले, ‘बघू, मीटिंगमध्ये विषय घेतो’ हे उत्तरही ऐकून झालं. आता मुदत. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या दिवशी संध्याकाळी तुमचं दार बंद होईल तोवर खाली लिहिलेलं सगळं झालेलं असलं पाहिजे.

आम्ही म्हणजे या दोन तालुक्यांतले पालक, सहली नेणारे शिक्षक, आणि सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना काही जुनं दाखवायला निघणारी माणसं. आम्ही तिकीट काढतो, पिशव्या बाहेर ठेवतो, ‘हात लावू नये’ लिहिलेलं असलं की हात पाठीमागे बांधतो. तुमचे नियम पाळणाऱ्यांनीच आता तुमच्याकडे नियम मागितला आहे.

तक्रार काय, ते ऐका. नाव घेत नाही, कारण सुधारायला संधी द्यायची आहे. ज्यांचं आहे त्यांना दुसऱ्या ओळीतच कळेल. तिकिटाच्या टेबलावर मॉनिटर, त्याचं तोंड रांगेकडे. पडद्यावर सोळा चौकटी. जिना, पाण्याची टाकी, बाकडी, स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, आणि हिरकणी कक्षाचं दार. दार उघडलं की आतली खुर्ची दिसते, खुर्चीवर बसलेली बाईही दिसते. तलवारींच्या कपाटावर एकच कॅमेरा, आणि काचेवर ट्यूबलाइट चमकत असल्यामुळे ती चौकट नुसती पांढरी. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. टेबलाखाली डीव्हीआर, त्यावर चहाचे ग्लास. तिथे बसवलेला पोरगा वाईट नाही. तुटपुंज्या पगारावर दिवसभर बसतो, कंटाळतो, आणि मोबाइलने पडद्याचंच शूटिंग करतो. संध्याकाळी ते गावच्या ग्रुपवर येतं. खाली ओळ असते : ओळखा पाहू.

अशाच एका क्लिपमध्ये कॉलेजची एक मुलगी वर्गातल्या मुलाशेजारी उभी राहून वहीत काही टिपून घेताना दिसते. बस, एवढंच. पण पडद्यावरून उचललेल्या क्लिपला आवाज नसतो आणि ग्रुपला धीर नसतो. पुढच्या महिन्यात त्या मुलीचा एसटीचा पास निघाला नाही. त्याचं उत्तर कोणत्या विश्वस्ताकडे आहे?

‘चोरी झाली तर जबाबदार कोण?’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. प्रश्न खरा आहे, आणि आम्हाला तो समजत नाही असं मानू नका. २०१२ साली दिवेआगरचा सुवर्णगणेश चोरीला गेला तेव्हा दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले. शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून २००४ मध्ये रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं, ते अजून मिळालेलं नाही. वस्तूंवर कॅमेरा हवाच. पण तुमचे कॅमेरे वस्तूंवर आहेत कुठे? २०१८ मध्ये हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून सोन्याचा डबा नेणारे चोर झरोक्यातून उतरले आणि कॅमेऱ्याचं तोंड फिरवून कामाला लागले. १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्रमध्ये भरदिवसा राजघराण्याचे दागिने गेले. चोर ज्या सज्जातून शिरले तो सज्जा बाहेरच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यातच नव्हता, कॅमेरा भलत्याच दिशेला बघत होता. हे खुद्द संचालिकेला फ्रान्सच्या सिनेटपुढे कबूल करावं लागलं. जगप्रसिद्ध संग्रहालयाची ही गत. तुमच्याकडे तर वस्तूंची फोटोसहित नोंदवही तरी आहे का, हे आधी बघा. चोरीला गेलेली वस्तू कशी होती हे पोलिसांना सांगायला ती वहीच लागते. बाकड्यावर बसून डबा खाणाऱ्या कुटुंबाचं चित्रण तिथे काडीच्या कामाचं नाही.

दुसरी गोष्ट, कॅमेरा लावला म्हणजे चित्रण तुमच्याच ताब्यात राहतं हा भ्रम सोडा. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या बायकांचं चित्रण बाहेर गेलं आणि यूट्यूब-टेलिग्रामवरून विकलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे उघडकीला आलं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते, तेव्हा ‘तिकडे गुजरातेत झालं’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला, पासवर्ड कारखान्यातून आला तोच, आणि अ‍ॅप अध्यक्षांच्या, सचिवांच्या आणि सचिवांच्या मेहुण्याच्या मोबाइलवर. असं जिथे आहे तिथे फक्त कोणाचं तरी लक्ष जायचं बाकी आहे. स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय कॅमेऱ्यांत माइकही असतो. म्हणजे दालनात बायका आपसात काय बोलल्या तेही भरून घेतलं जातंय, आणि हे तुमच्यापैकी निम्म्यांना माहीतही नसेल.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क दारात काढून ठेवत नाही, हेही त्याच निकालात आहे. हिरकणी कक्षात किंवा स्वच्छतागृहात पोचणारा कॅमेरा हा तर सरळ गुन्ह्याचा विषय. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागलं तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम वेगळं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, आणि तिथे बाई-पुरुष असा भेद नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांतली मुख्य बंधनं मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत आणि डेटा सांभाळण्यात कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एवढा दंड तुम्हाला कोणी करणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी त्या कायद्याने पालकांची संमती मागितली आहे, आणि तुमच्या दारात डिसेंबर-जानेवारीत उतरणाऱ्या सहलींत बहुतेक पोरं त्याच वयाची असतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पोलीस ठाण्यात कॅमेरा असेल तर तसा मोठा फलक इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला. म्हणजे कोठडीत नेल्या जाणाऱ्या आरोपीलाही आपल्यावर कॅमेरा आहे हे कळण्याचा अधिकार आहे. आणि तिकीट काढून बाराबंदी बघायला आलेल्या आमच्या आयाबायांना नाही?

दौंड तालुक्याला तरी हे शिकवायची वेळ यायला नको होती. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून विधवा आणि निराधार मुली आणल्या आणि पुढे केडगावात मुक्ती सदन उभं केलं. ज्यांना कोणी शोधून काढू नये, ज्यांची भूतकाळावरून ओळख पटू नये, अशा बायकांना तिथे जगता आलं. आजही लोक रमाबाईंचं काम बघायला केडगावला जातात. कोणाच्या नजरेपासून कोणाला जपायचं याची इतकी जाण याच मातीत होती. तिथून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत बायकांच्या हालचालींची क्लिप ग्रुपवर फिरते, ही लाजेची गोष्ट आहे.

पुढच्या कामांनाही हे आत्ताच बजावून ठेवतो. वढू बुद्रुक आणि तुळापूरला छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकाचं काम सरकारने हाती घेतलं आहे. घोडकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतून निघालेल्या वस्तू बघायला शिरूरकराला आजही पुण्यात येरवड्याला जावं लागतं; उद्या त्यांतलं काही गावात परत आलं तर आनंदच आहे. पण दालनाचा नकाशा काढतानाच कॅमेरा कुठे आणि कशावर, हे लिहून जाहीर करा. ठेकेदार भोकं पाडून गेल्यावर चर्चा नको. चेहरा ओळखणारी यंत्रणा ‘फ्रीमध्ये टाकून देतो’ म्हणणारा विक्रेता आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता अटी. हिरकणी कक्ष, स्वच्छतागृह आणि त्यांच्या दारांवर रोखलेले कॅमेरे १८ मेची वाट न पाहता आजच उतरवा. याला मुदत नाही. बाकीच्यांची तोंडं कपाटांकडे, खिडक्यांकडे, प्रवेशद्वाराकडे फिरवा. दारावर मराठीत, तिकीट काढण्याआधी वाचता येईल असा फलक लावा : कॅमेरे कुठे आहेत, चित्रण किती दिवस राहतं, जबाबदार कोण, त्यांचा संस्थेतला फोन कोणता. मॉनिटर रांगेकडून वळवून कुलपाच्या खोलीत न्या. माइक बंद, पासवर्ड बदललेला, अ‍ॅप एकाच जबाबदार माणसाकडे. तीस दिवसांनी चित्रण पुसलं गेलं पाहिजे. तपासासाठी लागलंच तर पोलिसांच्या लेखी मागणीवर द्या आणि वहीत नोंद करा. कोणाच्या काकाला ‘आमची पोरगी आली होती का’ हे बघण्यासाठी ते मिळणार नाही, हे तुमच्या माणसाला समजावून सांगा.

नाही केलंत, तर काय होईल तेही सांगतो. दगड मारणार नाही, वायर तोडणार नाही. तसलं कोणी केलं तर तो आमचा माणूस नव्हे. ग्रामसभांत ठराव मांडले जातील. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर मुख्याधिकाऱ्यांकडे निवेदन जाईल. सरकारी अनुदान घेत असाल तर माहिती अधिकारात कॅमेऱ्यांची खरेदी, जागा आणि चित्रण पाहणाऱ्यांची नावं मागू. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागेल. सार्वजनिक न्यास असाल तर पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार होईल. हिरकणी कक्षाचा कॅमेरा तसाच दिसला तर निवेदन, चर्चा, चहापाणी काही नाही. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, यवत, दौंड, जे ठाणं लागू असेल तिथे फिर्याद. आणि येत्या हंगामात सहलीची बस तुमच्या फाटकाशी वळणार नाही, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवणं चालू आहे.

१९ मेला सकाळी आम्ही तुमच्या दारात असू. फलक दिसला तर रांगेत उभं राहून तिकीट काढू आणि दालन बघून जाऊ. नाही दिसला, तर अर्जाच्या दोन प्रती सोबत असतील. एक तुम्हाला, दुसरीवर पोच लागेल. शिक्का आणि सही करणारा माणूस हजर ठेवा.